कॅमेऱ्याचा कौल

६ जानेवारी २०१९, रविवार

पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उभी नोकरी गेली ती तासातासाला लॉगबुक भरण्यात. आता सेवानिवृत्त झालो, तरी तास भरत आला की हात आपोआप पेन शोधतो. वाचायला मीटर नाहीत, भरायला रकाने नाहीत. म्हणून आजपासून हे स्वतःचंच लॉगबुक. ऑपरेटर : आत्माराम.

घरची स्थिती : सर्व सुरळीत. इतकी सुरळीत की माझ्यावाचून चाललं असतं, आणि चालतच होतं. लग्न झालं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, गोठ्यात गुरं, कातळावर आंब्याची कलमं. त्यामुळे गुणवंती गावी राहिली आणि मी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. पुढे आई गेली, पण घडी बसली ती बसलीच. आज गुणवंती केर काढत होती आणि मी नेमका वाटेत खुर्ची टाकून बसलो होतो. ती मला ऊठ म्हणाली नाही. माझ्या भोवतीने केर काढून पुढे गेली.

शर्ट अडकवायला खुंटी शोधली. एका खुंटीवर तिचं इरलं, दुसरीवर दोरखंड, तिसरीवर सागरचा टी-शर्ट. सागर आमचा मुलगा, मुंबईत नोकरीला आहे, पण त्याचा टी-शर्ट इथे खुंटी राखून आहे. माझा शर्ट मी पोफळीहून आणलेल्या ट्रंकेवर घडी करून ठेवला.

चहा मात्र मानाने मिळतो. काचेच्या कपाटातला निळ्या फुलांचा कप, खाली बशी. ती स्वतः चुलीपाशी बसून स्टीलच्या पेल्यातून पिते. परवा तलाठी आले होते, त्यांनाही हाच कप दिला. एकूण घरात माझा दर्जा तलाठ्याच्या बरोबरीचा आहे, हे पाहून बरं वाटलं.

१३ जानेवारी, रविवार

हातखंब्याला तिठ्यावर गेलो होतो. चहाच्या टपरीवर जो भेटेल तो एकच विचारतो, भाऊ, आता दिवसभर करता काय? तोंडातून निघून गेलं, "फोटोग्राफी करणार आहे." बोलून बसलो. आता कॅमेरा घेणं आलं.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. यंदाच्या शिमग्याला मी घरी असणार आहे. वीजगृहात आम्ही बहुतेक कोकणातलेच, आणि टर्बाइन काही सणाला थांबत नाही. म्हणून आमच्यात एक अलिखित नियम होता. एक तर गणपतीची रजा घ्यायची, नाही तर शिमग्याची. दोन्ही मिळायच्या नाहीत. मी कायम गणपतीची घेतली. त्यामुळे शिमग्यात वाघजाईची पालखी घरोघर फिरत आमच्या दारात यायची, तेव्हा मी डोंगराच्या पोटात मीटर वाचत असायचो. सुरुवातीला माझ्या चुलत्यांनी आणि मग मिसरूड फुटायच्या आधीपासून सागरने यजमान म्हणून देवीला नारळ दिला. पाट कुठे मांडायचा, पालखी कोणत्या अंगाने आत घ्यायची, गाऱ्हाण्यात काय मागायचं, मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. घराच्या मालकाने हे कोणाला विचारायचं?

पण हातात कॅमेरा असलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. त्याने फक्त 'जरा बाजूला व्हा' एवढं म्हणायचं असतं. ते मला जमेल.

२० जानेवारी, रविवार

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ संदेशचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. संदेश गुणवंतीच्या बहिणीचा मुलगा. माझा विचार ऐकून त्याने काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. कॅननचा १५००डी आणि निकॉनचा डी३५००. दोन्ही डीएसएलआर, दोन्ही पहिल्यांदा घेणाऱ्यासाठीचे, दोन्हींच्या पुढे तीच बारीकशी लेन्स.

घरी येऊन तक्ता केला. कॅनन : फोटो वाय-फायवरून सरळ मोबाईलवर, म्हणजे सागरला मुंबईत लगेच दिसणार. निकॉन : बॅटरी जवळजवळ तिप्पट चालते, फोकसचे बिंदूही जास्त. एकाचं पारडं खाली जातं न जातं तोच दुसऱ्यात काहीतरी निघतं. संदेश म्हणाला, "काका, दोन्ही चांगले आहेत. शिकाऊ माणसाला फरक कळणार पण नाही." मुलगा चांगला आहे, पण बोलताना माणूस बघत नाही. ज्याने आख्ख्या महाराष्ट्राचा भार सांभाळला त्याला शिकाऊ?

३१ जानेवारी, गुरुवार

सकाळी उठून बघतो तर पडवीत पिशवी भरून तयार. भाजणी, सुकी कोळंबी, आमसुलं, कुळथाचं पीठ. मी विचारलं, कोण चाललंय? गुणवंती पिशवीकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारला आणि एकेक डबा परत आत नेऊन ठेवला. महिनाअखेरीला मी घरी येऊन परत जायचो, तेव्हा पिशवी भरायची, ती सवय. मला हसू आलं. ती काही हसली नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

पुन्हा रत्नागिरी. हल्ली एसटीचा कंडक्टर मला बघून तिकीट न विचारताच फाडतो. संदेशने न कंटाळता दोन्ही कॅमेरे पुन्हा काढून दिले. दुकानात गर्दी होती, तरी मला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि "मावशी काय म्हणते?" असं दोनदा विचारलं. एवढा धीर आजकालच्या पोरांत कुठून आला, कळत नाही.

निर्णय : नाही.

जेवताना गुणवंतीला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. फोकसचे बिंदू म्हणजे काय तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, भात वाढला, आणि म्हणाली, "मला बघायला आलात तेवा पोहे संपायच्या आत होय म्हनालात."

मी म्हटलं, तेव्हा समोर दुसरं मॉडेल नव्हतं.

ती हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मी कायमचा घरी आल्यापासून ती माझ्या बोलण्यावर अशी हसली नव्हती. मीही हसलो. मग उष्टी काढताना म्हणाली, येवढंच असेल तर देवीला कौल लावा.

मी विज्ञान मानणारा माणूस. तिला तसं स्पष्ट सांगितलं.

१७ फेब्रुवारी, रविवार

कौल लावायला दोघं गेलो. केवळ तिचा मान राखायला, याची नोंद घ्यावी.

वाघजाईच्या देवळात हरिश्चंद्र गुरव पूजा करतो. त्याने देवीच्या मूर्तीला दोन अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पोराचं लग्न, आडाचं पाणी, जमिनीचा वाद, असल्या गोष्टी लोक विचारतात. देवळात चारपाच माणसं आपापल्या कामाला बसली होती. हरिश्चंद्र माझा प्रश्न खासगीत विचारेल अशी माझी समजूत होती. त्याने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं की आई, हा तुझा लेक कॅननचा कॅमेरा घ्यायचा म्हणतोय, तर काय तो निवाडा दे. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

पाकळ्या पडेनात. ना उजवी, ना डावी. बाकीचे आळस द्यायला लागले. मग हरिश्चंद्रने निकॉनचं नाव घेऊन पुन्हा विचारलं. तरीही पाकळ्या जागच्या जागी. शेवटी त्याने हात जोडले आणि माझ्याकडे वळला.

"भाऊ, तोंडात एक आनि मनात दुसरं आसलं की देवी बोलत नाय. मनात काय हाय ता इचारा."

मला रागच आला. माझ्या उभ्या आयुष्यातली एक नोंद संदिग्ध सापडली नाही कोणाला, आणि हा मला सांगतो मनात दुसरं आहे म्हणून. फुलं ताजी असतील, चिकटली असतील घट्ट. त्यात देवीचा काय संबंध?

परतीच्या वाटेवर गुणवंती माझ्या मागून चालत होती. पाणंदीत आल्यावर हळूच म्हणाली, खरंच, मनात काय होतं? मी म्हटलं, कॅमेरा, आणखी काय. तिने मान हलवली आणि वाटेतली सुकी काटकी उचलून सरपणाला घेतली.

गावात आता मला 'कॅमेराभाऊ' म्हणतात.

३ मार्च, रविवार

चमत्कार झाला. संदेश स्वतः मोटरसायकलवरून घरी आला आणि दोन्ही कॅमेऱ्यांचे दुकानातले दाखवायचे नग देऊन गेला. म्हणाला, शिमगा होईपर्यंत दोन्ही वापरा, जो हाताला लागेल तो ठेवा, दुसरा परत आणा. मी म्हटलं, अरे, असं कोणी देतं का? तो गुणवंतीकडे बघून म्हणाला, आमच्याकडे खास गिऱ्हाइकांना अशी पद्धत आहे. धंदा कसा करावा हे या पोराकडून शिकावं.

तिने त्याला चहा दिला. माझा निळ्या फुलांचा कप त्याला गेला असेल असं वाटलं, पण नाही, त्याला स्टीलचा पेला. त्याने तो घेऊन सरळ चुलीपाशी बैठक मारली. कप मलाच. मी पडवीत एकटाच प्यालो. आतून दोघांच्या बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता.

१० मार्च, रविवार

एक गूढ आहे. सकाळी निकॉन उघडला तर त्यात मी न काढलेले फोटो. गोठ्यातलं वासरू. उन्हात सुकत घातलेल्या मिरच्या. अंड्यावर बसलेली कोंबडी, तिचा डोळा असा लख्ख की मला हेवा वाटला. माझ्या कोंबड्या सगळ्या धूसर येतात. आधी कोणा गिऱ्हाइकाने दुकानात काढले असतील म्हणावं, तर रत्नागिरीतल्या दुकानात कोंबडी कुठली?

आणि एक माझाच. मी आरामखुर्चीत झोपलोय, छातीवर माहितीपुस्तिका, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी चुकून टायमर लावून कॅमेरा खिडकीत ठेवला असणार. पुस्तिकेत टायमरचं प्रकरण पुन्हा वाचलं. गुणवंतीला दाखवलं तर म्हणाली, यंत्राचं काय सांगावं.

फोटो पुसणार होतो. राहू दिला. झोपेत मी बराच आमच्या तीर्थरूपांसारखा दिसतो.

कॅननची आघाडी कायम आहे, वाय-फायमुळे.

२० मार्च, बुधवार

आज होळी. देवीची पालखी देवळातून सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, येऊन बसली. आता गावातली घरं एकेक करून घेणार. आमच्या वाडीत रविवारी.

दुपारी सागरचा फोन आला. येत नाही. मला वाटलं, चेष्टा करतोय. म्हणाला, "बाबा, कंपनीत एकच रजा देतात. गणपती नाही तर शिमगा. यंदा तुम्ही घरी आहात म्हणून मी गणपतीची मागून ठेवलीय. तुम्हाला तर माहीतच आहे." आवाजात काही टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

फोन ठेवला. नारळ देणार कोण? मी गुणवंतीला म्हटलं, चुलत्यांच्या गंगारामला सांगू, तो माहीतगार आहे, तो यजमान म्हणून उभा राहील. मी फोटो काढतो, दोन्ही कॅमेरे आहेत, प्रकाशाचा अभ्यास झालाय.

ती दारापुढचं खळं सारवत होती. हात तसेच शेणाने भरलेले, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमी नव्हतात तेवा दुसऱ्यानं दिला. आता तुमी घरात हायत."

मी म्हटलं, मला काही येत नाही गो. पाट कुठे ठेवायचा ते सुद्धा माहीत नाही. लोक हसतील.

ती म्हणाली, हसूदेत. आणि परत सारवायला बसली. पाट कुठे ठेवायचा ते तिने सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. फोटो कोण काढणार, हा माझा प्रश्न मात्र तसाच राहिला.

२४ मार्च, रविवार

नीट लिहायला हवं. खांदा अजून दुखतोय, वजनाने.

ढोलताशाचा आवाज खालच्या पऱ्यापाशी, ओढ्याजवळ आला तेव्हा मी नवं धोतर नेसून, टोपी घालून खळ्यात उभा होतो. दोन्ही कॅमेरे पडवीतल्या टेबलावर, बॅटऱ्या भरलेल्या. माझ्या हातात नारळ. तो घामाने निसटत होता. पालखी वळणावर दिसली, गुलाल उडाला, आणि मला काही सुचेना. पाट हातात घेऊन मी इकडे ठेवला, तिकडे ठेवला. हरिश्चंद्र पुढे चालत होता. जवळ येऊन त्याने कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं, "हितं, भाऊ. तुळशीच्या उजव्या अंगाला." देवळात एवढा खणखणीत बोलणारा माणूस, आज कुजबुजला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पालखी बसली. मी नारळ ठेवला. हरिश्चंद्रने गाऱ्हाणं घातलं. हा आत्माराम पोटासाठी लांब होता, आई. इतकी वर्षं त्याच्या दारात तू आलीस आणि तो तुला भेटला नाही. आज तो त्याच्या खळ्यात उभा आहे. त्याला त्याच्या घरात सुखी ठेव. सगळी वाडी म्हणाली, "होय महाराजा." शेजारी, चुलत्यांची पोरं, टपरीवर विचारणारे, सगळे एका आवाजात. मला रडू आलं. लपवायला हातात काही नव्हतं.

मग पालखी नाचवायला उचलली आणि गंगाराम ओरडला, कॅमेराभाऊ, खांदा द्या. मला कोणीतरी पुढे ओढलं, दांडा खांद्यावर आला. देवी जड असते हे लहानपणी ऐकलं होतं. ती किती जड असते हे आज कळलं. एक पाऊल चुकलं, मग पाय आपसूक ढोलाबरोबर पडायला लागले. कधीतरी पोरवयात हेच पाय इथेच नाचले होते. ते विसरले नव्हते.

आणि त्या गदारोळात मला आवाज ऐकू आला, "जरा बाजूला व्हा."

गुणवंती. पदर कमरेला खोचलेला, गळ्यात पट्टा, डोळ्याला निकॉन. ती सरकत सरकत पुढे येत होती आणि आख्खी वाडी तिला वाट देत होती.

संध्याकाळी पडवीत दोघं फोटो बघत बसलो. एकही धड सरळ नाही. एकात गंगारामचं अर्धं डोकं, एकात नुसता गुलाल. आणि एकात मी. दांड्याखाली, टोपी तिरकी, तोंड उघडं, गालावर पाणी, मागे आपलं घर. चौकट कललेली आहे, उजेड समोरून आलाय. नियमाप्रमाणे फोटो बाद. मी तो कितीतरी वेळ धरून बसलो होतो. घरात फोटो रग्गड आहेत, सागरचे, आईचे, गुरांचे, पालखीचे. त्यातल्या एकातही मी नाही, हे मला आजपर्यंत दिसलं नव्हतं. आणि मी कॅमेरा घेऊन पुन्हा बाहेरच उभा राहायला निघालो होतो.

मी विचारलं, निकॉनच का उचललास? कॅननला वाय-फाय आहे.

ती म्हणाली, "ह्येचा दांडा हातात बसतो. कामाच्या हातातनं सुटत नाय." आणि वर, "आनि मला सवय झालेली."

म्हणजे कोंबडी तिने काढली. आणि मलाही.

हरिश्चंद्र म्हणाला ते खरं होतं. देवीपुढे मी कॅमेऱ्याचं नाव घेतलं. मनात विचारत होतो, या घरात मला जागा आहे का? असला प्रश्न देवळात मोठ्याने कोण विचारील?

२६ मार्च, मंगळवार

कॅनन परत दिला. संदेश म्हणाला, मावशीला निकॉनच आवडणार हे मला ठाऊक होतं. कसं काय ठाऊक, विचारलं तर म्हणाला, अंदाज. पोराचा अंदाज चांगला आहे, धंद्यात पुढे जाईल.

तो फोटो मोठा करायला टाकला. सरळ करून देऊ का, विचारत होता. नको म्हटलं.

३१ मार्च, रविवार

स्थिती : किरकोळ तक्रारी.

एक. महिनाअखेर असून पिशवी भरलेली नाही. माझी ट्रंक रिकामी करून तिने तांदूळ भरलेत. कपडे कुठे ठेवले विचारलं तर खुंटीकडे बोट दाखवलं.

दोन. सकाळी खुर्ची टाकून बसलो होतो, तर केरसुणी पायावर आपटून म्हणाली, "उठा तितनं, केर काढूदेत."

तीन. चहा पडवीत आला नाही. चुलीपाशी बोलावलं. स्टीलच्या पेल्यात दिला, बशीसुद्धा नाही. निळ्या फुलांचा कप फुटला की काय, उद्या कपाटात बघायला हवं. पेला धरायचा कसा ते मला माहीत नाही, बोटं भाजली. ती म्हणाली, वरनं धरा. वरून धरला.